उकिरड्यावरची पणती

सकाळी साडेसहाला, घरात अजून चहाचं आधणही ठेवलेलं नसतं तेव्हा, मी गच्चीवर जाते आणि कोपऱ्यातल्या निळ्या पिंपाचं झाकण उचलते. एकदम नाही उचलत. कडेखाली बोटं सरकवून, एका बाजूनं, हळूच. आतली ऊब आधी मनगटाला लागते, मग चेहऱ्यावर येते, आणि तिच्या मागोमाग तो वास. मातीचाच, पण मृगाच्या पहिल्या सरीनंतर येतो तो नव्हे. तो उधळत येतो, घटकाभर सगळ्या गल्लीला वेडं करतो आणि निघून जातो. हा वास मुक्कामाला असतो. ओल्या झाडाच्या सालीचा, जुन्या माजघरातल्या गारव्याचा, आणि या सगळ्याच्या तळाशी किंचित गोडसर, मुरलेला. पहिल्यांदा तो नाकात शिरला त्या सकाळी मी झाकण हातात धरून कितीतरी वेळ नुसती उभी राहिले, कारण पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्या गच्चीवर मी नव्हतेच. मी आठ वर्षांची होते, अनवाणी होते, आणि आजीच्या परसदारी उकिरड्यापाशी उभी होते.

उकिरडा हा शब्द आता आपण रागावल्यावरच वापरतो. खोलीचा उकिरडा केलायस, असं मुलांना म्हणतो. आजीच्या तोंडी मात्र तो शब्द विहीर किंवा गोठा म्हणावा तितक्या सहज यायचा. घराला जशी न्हाणी असते, तसा उकिरडा असतो. साताऱ्याहून वाईकडे जाताना आत वळल्यावर लागणारं आमचं गाव, मागच्या अंगाला चार हात खोल खड्डा, आणि सकाळपासून त्याच्याकडे जाणारी घरातली एकेक पाटी. गोठ्यातलं शेण, बैलांच्या पायांखालची ओली चिपाडं, भांड्यांना लागते तेवढी बाजूला काढून उरलेली चुलीतली राख, अंगणातला केर. भाजीचे देठ तिथवर पोचतच नसत, ते म्हशीच्या वाट्याचे. तांदळाचं धुवणही तिच्याच आंबोणात जायचं. लुगडं विरलं की त्याची वाकळ व्हायची, वाकळ विरली की पोतेरं, आणि पोतेरं सारवणाच्या हाताखाली झिजून झिजून दोऱ्यांवर आलं की तेही एक दिवस निमूटपणे परसदारी जायचं. आजीचं अर्धं आयुष्य ज्या सुतानं झाकलं, ते तिच्याच शेतात पुन्हा उतरायचं, आणि त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. त्या घरात केर होता, केरसुणी होती, लक्ष्मीपूजनाला त्या केरसुणीला हळदकुंकू होतं. कचरा हा शब्द तिथे ऐकल्याचं मला आठवत नाही.

आणि वैशाख. वळवाच्या आधी खत शेतात पडायला हवं म्हणून पहाटे गाडी जुंपली जायची. चुलते कुदळ घेऊन खड्ड्यात उतरायचे. वरचा थर पांढुरका, कोरडा, उन्हानं तडकलेला. पण कुदळीचा पहिला घाव बसला आणि पोपडा निघाला, की आतून काळीभोर, भुसभुशीत, ओलसर भिंत उघडी पडायची आणि तिच्यातून वाफ निघायची. पहाटेच्या निळसर उजेडात सरळ वर जाणारी वाफ. मला वाटायचं, आत कुणीतरी झोपलंय आणि त्याचा श्वास दिसतोय. तोच वास. आजी एक ढेकूळ उचलायची, मुठीत चुरायची, नाकाशी न्यायची आणि मान हलवायची. झालंय. एवढाच निकाल.

एका वैशाखात त्या काळ्या भिंतीतून एक प्लास्टिकची पिशवी निघाली. चुलत्यांनी आदल्या साली साताऱ्याहून कापड आणलं होतं, त्या दुकानाची. आजीनं तेव्हा तिचं किती कौतुक केलं होतं! धुऊन, पिळून, लुगड्याशेजारी दोरीवर वाळत घालायची तिला. बंद तुटल्यावर मग रीतीप्रमाणे ती उकिरड्यात गेली होती. वर्षभर शेणात, राखेत, गोमूत्रात, त्या सगळ्या उबेत राहून ती जशीच्या तशी बाहेर आली. दुकानाचं नाव तांबड्या अक्षरांत वाचता येत होतं. आजीनं ती दोन बोटांत धरून झटकली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. भीती होती, असं मला आज वाटतं. “हिला मातीबी खाईना गं,” ती म्हणाली.

दिवाळीत तुळशीपाशी पणती, उंबऱ्यावर पणती, गोठ्यात, विहिरीच्या काठावर, आणि एक उकिरड्यावर. शेवटची पणती माझ्या हातात द्यायची आजी. वाऱ्यापासून तळव्याचा आडोसा धरून अंधारातून चालत जायचं आणि त्या ढिगावर एक खळगा करून पणती बसवायची. घाणीवर पणती कशाला, असं एकदा विचारल्याचं आठवतं. “घान न्हवं बाय ती,” आजी म्हणाली. “पुढल्या साली कणसात बघशील तिला.” उकिरड्याची दैनासुद्धा बारा वर्षांनी फिटते अशी आपल्याकडे म्हण आहे. ती रचणाऱ्याला बारा वर्षं हा फार लांबचा पल्ला वाटत असणार. आजीच्या उकिरड्याची दैना दर वैशाखात फिटत होती.

मग शिक्षण, नोकरी, लग्न, पुणं. वाकळेची ऊब सुटली तशी परसदारची वाटही सुटली. चौकोनी स्वयंपाकघरात ओट्याखाली एक बादली आली आणि तिच्यात काळी पिशवी. चहाचा चोथा, मटारची सालं, दुधाची पिशवी, औषधाची रिकामी पट्टी, शिळा भात, वर्तमानपत्राचा बोळा, सगळं एकात. रात्री पिशवीचं तोंड बांधून दाराबाहेर ठेवायची आणि कडी लावायची. सकाळी ती तिथे नसायची. वीस वर्षं हे मी केलं. कडी लावल्यावर माझ्यापुरतं ते संपत होतं.

सकाळी ती पिशवी न्यायला यायच्या त्या मावशी. हिरव्या नऊवारीवर पुरुषी शर्ट, गळ्यात ओळखपत्र, पाठीमागे पोतं. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि कचरा वेचणाऱ्या बायांच्या हातात युनियनचं कार्ड आलं, तेव्हापासूनच्या त्या. त्या नावावर मी पुढे पुष्कळ विचार केला. कागद, काच, पत्रा. ज्याला भंगारात भाव येतो, त्याचं नाव संघटनेला. ओल्या कचऱ्याला भाव नाही, म्हणून तो नावात नाही. पण दिवसभर हात त्याच्यातच. खरकट्यानं भिजलेल्या कागदाला रद्दीवाला दर देत नाही. म्हणजे मी पिशवीत आमटी सांडायची आणि मावशींच्या मजुरीतले पैसे कमी व्हायचे. इतका सरळ हिशेब होता, आणि मला तो वीस वर्षं दिसला नव्हता.

दिसला तो एका मंगळवारी. आदल्या रात्री पाण्याचा पेला फुटला होता, तुकडे मी त्याच पिशवीत टाकले होते, भाताखाली. सकाळी दार उघडलं तर मावशी जिन्याच्या कठड्याला टेकून उभ्या होत्या. उजवा तळवा अंगठ्याखाली चिरला होता. भाताची शितं आणि रक्त. मी पाणी आणलं, हळद आणली. त्यांनी हात धुतला, पदराची जुनी पट्टी दातांत धरून फाडली, एका हातानं गाठ मारली आणि पोतं पुन्हा पाठीवर घेतलं. “ताई, काच येगळी देत जावा.” आवाजात रागाची छटासुद्धा नाही. मग त्या वरच्या मजल्यावर गेल्या.

मी कितीतरी वेळ दारात उभी होते. आजीच्या तळव्यावर चुरलेलं ते काळं ढेकूळ मला दिसत होतं, आणि त्याच जागी हा तळवा.

त्या दिवसापासून घरात दोन डबे झाले, आणि पुढच्याच महिन्यात गच्चीवर निळं पिंप आलं. सुताराकडून त्याला खाली आणि कडेनं भोकं पाडून घेतली. सवय लावून घ्यायची म्हणजे रोज एका जुन्या सवयीला निरोप द्यायचा असतो, आणि जुनी सवय सहजी उठून जात नाही. सालं सोलता सोलता हात आपोआप चुकीच्या डब्याकडे जायचा. दुधाची पिशवी धुऊन वाळत घालायची हे सासूबाईंना पहिल्यांदा दरिद्रीपणाचं वाटलं. कात्रीनं टोक कापायचं, पण तुकडा पूर्ण सुटू द्यायचा नाही, कारण तो बोटाएवढा तुकडा पुढे कुणाच्याच हाताला लागत नाही, हे मला मावशींनी शिकवलं. पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे आत काय आहे ते उघडून पाहण्याची वेळ कुणा बाईवर येत नाही, हेही त्यांनीच. लाल पेन मी न्हाणीघरातच दोऱ्याला बांधून ठेवलं. एका ठिपक्यानं कुणाची एवढी लाज राखली जाते!

आणि पिंप सडलं. महिनाभरात त्याला असा आंबूस, घशात बसणारा वास सुटला की खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. अळ्या झाल्या होत्या, तळाशी काळं पाणी साठलं होतं. मी जवळजवळ रडकुंडीला आले. शेतकऱ्याच्या घरातली मी, आणि मला साधं कुजवता येईना. शेवटी मावशींनाच गच्चीवर नेलं. त्यांनी बांगड्या मागे सारल्या आणि कोपरापर्यंत हात आत घातला, तोच हात, अंगठ्याखाली पांढरी रेघ राहिलेला. मूठभर काढून पिळलं. बोटांतून पाणी गळलं. “पानी लई झालंय ह्यात. जीव गुदमरतोय त्येचा. सुका पाला टाका, आन् हलवत ऱ्हावा.”

जीव गुदमरतोय. पुस्तकं नंतर वाचली, तर त्यांतही हेच लिहिलेलं, फक्त आकड्यांत. ओल्या सालींत नत्र भरपूर, सुक्या पानांत कर्ब. एक भाग नत्राला पंचवीस-तीस भाग कर्ब मिळाला की कुजवणाऱ्या जिवांचं पोट भरतं. मुठीत दाबल्यावर ओल जाणवावी, पण थेंब गळू नये. हवा खेळती असली तर गोड वास. हवा कोंडली की दुसऱ्याच जातीचे जिवाणू माजतात आणि मिथेन निघतो, जो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस पटींहून अधिक ताप धरून ठेवतो. माझ्या एका पिंपात जे झालं, तेच डोंगराएवढ्या ढिगात होतं. २०१६ च्या जानेवारीत मुंबईचं देवनार पेटलं आणि दिवसेंदिवस धुमसत राहिलं, ते उगीच नव्हे. पुण्याचा ढीग पूर्वी कोथरूडला होता. आता त्या जागी मेट्रोचे डबे उभे राहतात, पण थांब्याचं ‘कचरा डेपो’ हे नाव लोकांच्या तोंडून गेलं नाही. मग तो ढीग गेला उरुळी देवाची आणि फुरसुंगीला. तिथल्या माणसांनी विहिरींचं पाणी बिघडलेलं पाहिलं, गाड्या अडवल्या, रस्त्यावर बसले. नावातच देव असलेलं गाव! वीस वर्षं मी कडी लावून झोपत होते, तेव्हा माझी पिशवी कुणाच्या तरी आजीच्या विहिरीकडे निघालेली असायची.

सुका पाला टाकला. पिंपळाचा, जांभळाचा, बदामाचा. थोडं ताक शिंपडलं. दर दोन दिवसांनी काठीनं हलवलं. आठ दिवसांत आंबूसपणा गेला, मग नुसताच ओला वास, मग काहीच नाही. मी वाट पाहत राहिले. अलीकडे मला इतकी वाट पाहायला लावणारं दुसरं काही घरात नव्हतं. आणि दोन महिने होत आले असताना, श्रावणातल्या एका ढगाळ सकाळी, झाकणाखालून तो वास आला.

त्या वासाला शास्त्रात जिओस्मिन म्हणतात, म्हणजे ग्रीकमध्ये मातीचाच वास. स्ट्रेप्टोमायसिस नावाचे जिवाणू तो तयार करतात. क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये याच घराण्यातून मिळालं. आपलं नाक या वासाला इतकं हळवं आहे की हवेच्या लाख कोटी कणांत याचे मोजके कण असले तरी ते ओळखतं. आणि मला सगळ्यांत मोहून टाकणारी गोष्ट २०२० मध्ये कळली: मातीत उड्या मारणारे ते राईच्या दाण्याएवढे किडे या वासामागे येतात, जिवाणूंवर पोट भरतात आणि त्यांचे बीजाणू अंगावर घेऊन पुढे जातात. म्हणजे तो वास हे आवतण आहे. या, जेवा, आणि जाताना मला थोडं पुढे घेऊन जा. आजी ढेकूळ नाकाशी नेऊन मान हलवायची, तेव्हा तिला हेच आवतण पोचत असणार.

बाकीचं आपोआप होत गेलं असं मी म्हणणार नाही, पण सांगायला फार नाही. खालच्या काकूंना मी एक कुंडीभर खत दिलं, त्यांचा मोगरा फुलला, आणि त्यांनी सोसायटीच्या सभेत माझ्याआधी हात वर केला. मागच्या मोकळ्या जागेत विटांची जाळीदार टाकी बांधली. आधी चार घरं, आता चोवीसपैकी एकोणीस. पाच घरं अजून यायची आहेत; त्यांच्याकडे मी वाद घालायला जात नाही, खत घेऊन जाते. तळमजल्यावरचे आजोबा ऐंशी ओलांडलेले. टाकी हलवायचं काम त्यांनी स्वतःहून मागून घेतलं आणि फावड्याच्या दांड्यावर हात ठेवून ते रोज पाच मिनिटं तिथे थांबतात. मी एकदा त्यांना हळूच नाकानं श्वास ओढताना पाहिलं. त्यांचंही एखादं गाव असणार. आपल्या सगळ्यांचंच असतं.

गाडगेबाबा गावात शिरले की आधी झाडू घ्यायचे आणि कीर्तन संध्याकाळी करायचे. आजीनं लहानपणी त्यांना पाहिलं होतं. कीर्तनातलं तिला फारसं आठवत नसे; पण भर उन्हात वाकून रस्ता झाडणारी पाठ तिच्या डोळ्यांपुढून कधी गेली नाही, असं ती सांगायची. आमच्या टाकीपाशी मला ती पाठ आठवते. शब्दांनी माणूस मान डोलावतो. वाकलेल्या पाठीपाशी मात्र तो स्वतःचा हात पुढे करतो.

गेल्या दिवाळीत मी पणत्या लावल्या. तुळशीपाशी, उंबऱ्यावर, जिन्यात. मग एक पणती तळव्याच्या आडोशानं खाली नेली आणि टाकीच्या कट्ट्यावर ठेवली. कुणाला काही सांगितलं नाही. विटांच्या फटींतून ऊब येत होती आणि ज्योत त्या उबेनं जराशी थरथरत होती. सकाळी मावशी आल्या. आताशा त्यांच्या पोत्यात आमच्याकडचा कागद कोरडा जातो आणि हात कोरडे राहतात. विझलेली पणती त्यांनी पाहिली, उचलली, वात बोटानं सारखी केली. “आमच्याकडंबी लावत्यात उकिरड्यावर,” त्या म्हणाल्या, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कट्ट्यावर बसल्या. मी चहा आणला. त्यांचं गाव बीडकडचं. त्यांच्या परसदारीही खड्डा होता. आम्ही दोघी बराच वेळ आपापल्या उकिरड्याविषयी बोलत बसलो. जाताना त्यांनी त्यांच्या तुळशीसाठी एक पिशवी खत नेलं.

आता माघ लागेल. शिरीष आणि बदाम दोन-चार दिवसांत अंगणभर पानं टाकतील आणि गल्लीगल्लीतून सकाळी धूर निघायला लागेल. तुमच्याही दारात पानं पडतील. ती पेटवू नका. झाडणाऱ्या ताईंना दोन रिकामी पोती द्या आणि पानं दाबून भरून कोरड्या जागी ठेवा. श्रावणापर्यंत पुरतात.